बर्गर शाकाहारी आहे, पण तो भाजला कशावर?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: लेक एमएस करायला डॅलसला निघाली आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही. तिकडे कॉलेज, काम आणि धावपळीत बर्गरच्या दुकानात जावं लागणारच, तर कुठल्या चेनमध्ये काय खाता येईल? विमान लंडनमार्गे आहे, तिथे मोठा थांबा आहे. आणि निघण्याआधी लेकीला आजीला घेऊन इथल्या मॉलमध्ये बर्गर खायला जायचंय, पण आजी अडून बसल्या आहेत: "कोंबडीच्याच तेलात तळत नाहीत ना?"

आजींनी नेमकं तेच विचारलंय जे विचारायला हवं. मी चेन रेस्टॉरंट्सच्या किचनचं ऑडिट करतो. ऑडिटला गेलो की पॅटीच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका मी सगळ्यात शेवटी बघतो. फ्रीझरमधून निघालेली पॅटी कागदात गुंडाळली जाईपर्यंत कशाकशाला लागते, हे आधी बघतो. चांगली शाकाहारी पॅटी बनवणं आज कुठल्याच कंपनीला अवघड नाही. पण ती ताटात येईपर्यंत शाकाहारी राहते की नाही हे तीन ठिकाणी ठरतं: भाजायची जागा, तळायचं तेल आणि वरून मारलेला सॉस. हे तिन्ही देशागणिक बदलतं, एकाच नावाच्या पाटीखाली बदलतं. म्हणून "अमुक चेन चांगली, तमुक वाईट" अशी यादी मी देणार नाही. कुठे काय विचारायचं ते सांगतो.

आधी आजींचं बघू.

मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६च्या ऑक्टोबरमध्ये आलं. आधी दिल्लीत वसंत विहारला, आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला. गाईचं आणि डुकराचं मांस ठेवायचं नाही हा निर्णय सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दृष्टीने त्याहून मोठा निर्णय किचनच्या आत झाला. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची जागा, फ्रायर, भांडी, चिमटे सगळं वेगळं केलं आणि मेयोनीज अंड्याशिवाय बनवून घेतलं. कारखान्यापासून हीच विभागणी ठेवली. सुरुवातीच्या वर्षांत पॅटी नवी मुंबईजवळच्या तळोज्यातून यायच्या, तिथेही शाकाहारी-मांसाहारी लाइन वेगळ्या होत्या. आइसबर्ग लेट्यूस तळेगावच्या शेतातून यायचं आणि चीजच्या स्लाइस बारामतीहून. त्या काळी आपल्याकडे आइसबर्ग फारसं कोणी पिकवतच नव्हतं.

तेव्हा आजींना सांगा, इथल्या मॅकडोनाल्ड्समध्ये आलू टिक्की कोंबडीच्या तेलात तळत नाहीत. त्यांची समजूत नुसत्या सांगण्याने पटणार नसेल तर गर्दी नसताना जा आणि मॅनेजरला किचन दाखवायची विनंती करा. आत गेल्यावर फ्रायरच्या रांगेकडे बघायचं. प्रत्येक हौदावर खूण असते. शाकाहारी हौदाची जाळी, चिमटे आणि तळून झालेली पॅटी गरम ठेवायचा खण, तिन्ही त्याच बाजूला असायला हवेत. तळताना वेगळं आणि गरम ठेवताना एकत्र, असं असेल तर त्या वेगळेपणाला अर्थ नाही. तिथला मुलगा एका बाजूचं काम सोडून दुसऱ्या बाजूला गेला, तर हात धुऊन हातमोजे बदलतो का, तेही बघा. दोन मिनिटं शांतपणे उभं राहिलं तरी कळतं.

आजींसाठी काय मागवायचं? आलू टिक्कीच. बटाटा-वाटाण्याची पॅटी मऊ असते, दातांना त्रास नाही, तिखट बेताचं. कंपनीच्या पोषण-तक्त्याप्रमाणे सुमारे ३४० कॅलरी आणि साडेआठ ग्रॅम प्रोटीन. मॅकस्पायसी पनीर मात्र आजींना देऊ नका. तिखट तर आहेच, शिवाय सुमारे ६५० कॅलरी आणि एक ग्रॅमहून जास्त सोडियम. रक्तदाब असेल तर एका बर्गरमध्ये दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा संपतो. लेकीसाठी तोच बर्गर वाईट नाही, कारण त्यात वीसेक ग्रॅम प्रोटीन मिळतं. पनीरची अख्खी वडी अशी तळता येते याचं कारण पनीर लिंबू किंवा आम्ल घालून दूध फाडून बनतं. त्यातलं कॅल्शियम आम्लाने निघून जातं, म्हणून ते चीजसारखं वितळत नाही. बाहेरचं आवरण कुरकुरीत होईपर्यंत आतली वडी जशीच्या तशी राहते. जगात इतरत्र बर्गरवाल्यांना शाकाहारी पॅटी "धरून ठेवायला" काय काय घालावं लागतं ते पुढे सांगतो. आपल्याकडे ही सोय आयती आहे.

बर्गर किंग २०१४मध्ये आपल्याकडे आलं, तेही वेगळ्या शाकाहारी मांडणीसह. तिथला व्हेज व्हॉपर पोट भरणारा आहे. केएफसीतही व्हेज झिंगर मिळतो. पण ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांना मी तिथे पाठवत नाही. पदार्थात खोट म्हणून नव्हे. ज्या दुकानाचा जवळजवळ सगळा धंदा कोंबडीवर चालतो, तिथे गर्दीच्या वेळी शाकाहारी कोपरा सांभाळायला माणसं कमी पडतात. हा माझा अंदाज नाही, कामात बघितलेली गोष्ट आहे.

शंकाच नको असेल तर जंबोकिंग. २००१मध्ये मालाडला सुरू झालेली ही आपली चेन आहे आणि सगळा मेनू शाकाहारी. जिथे मांस किचनमध्ये येतच नाही तिथे तेल विचारायची गरजच उरत नाही. आजी खरंच अस्वस्थ असतील तर मॉलचा हट्ट सोडा आणि तिथे जा.

एक गोष्ट मात्र घरी मागवताना लक्षात ठेवा. ॲपवरचा हिरवा ठिपका पदार्थात काय घातलंय ते सांगतो, तो कुठल्या तेलात तळला हे सांगत नाही. एकाच भाड्याच्या किचनमधून चार-पाच नावांनी धंदा चालतो. बर्गरवाला, बिर्याणीवाला आणि विंग्जवाला एकच असतो आणि फ्रायरही बहुतेक वेळा एकच. नेहमीच्या माहितीतलं दुकान नसेल तर शाकाहारी बर्गर घरी मागवू नका, जाऊन खा.

आता डॅलस.

पहिली गोष्ट लेकीला नीट समजावून सांगा: अमेरिकेत अंडं शाकाहारात धरतात. दुकानदार "व्हेजिटेरियन" म्हणेल तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण मेयोनीजमध्ये अंडं असतंच. दुसरी गोष्ट, अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्समध्ये शाकाहारी बर्गर नाही. इथून जाणाऱ्या मुलांना हे खरं वाटत नाही. योगायोगाने तो प्रयोग झाला तो डॅलसच्याच परिसरात. २०२१च्या शेवटी मॅकप्लांट नावाचा वनस्पतींच्या प्रथिनांचा बर्गर मोजक्या दुकानांत विकायला ठेवला, त्यात डॅलसजवळचं अर्विंग आणि कॅरोल्टन होतं. २०२२मध्ये डॅलस-फोर्ट वर्थ आणि सॅन फ्रान्सिस्को भागातल्या सुमारे ६०० दुकानांत तो नेला. खपला नाही, बंद केला. आणि चालू होता तेव्हाही तो मांसाच्याच ग्रिलवर भाजला जायचा.

ते ग्रिल कसं असतं ते सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. खाली सपाट तापलेला पत्रा, वरून झाकणासारखा दुसरा पत्रा. पॅटी ठेवल्या की वरचा पत्रा खाली येतो आणि दोन्ही बाजू एकदम भाजतात. पॅटी काढल्या की पोरगा खराट्यासारख्या पात्याने चरबी खरवडून समोरच्या पन्हाळीत ढकलतो आणि लगेच पुढच्या पॅटी मांडतो. पात्याने खरवडलं म्हणजे धुतलं नव्हे. गर्दीच्या वेळी तो पत्रा धुतला जाणं शक्यच नसतं, कारण धुवायचा तर भाजायचं काम थांबवावं लागतं.

बर्गर किंगचं वेगळं. तिथे ब्रॉयलर असतो, म्हणजे लोखंडी साखळीचा सरकता पट्टा, आणि त्याला गॅसच्या ज्वाळा लागतात. गोठलेली पॅटी एका तोंडाने आत जाते, भाजत भाजत सरकते आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. चरबी ज्वाळांवर ठिबकते, तिचा धूर परत पॅटीला लागतो. तीच त्या कंपनीची चव. वनस्पतींपासून बनवलेल्या पॅटीचा इम्पॉसिबल व्हॉपर २०१९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकाभर आला तो याच साखळीवरून. अटलांटाच्या एका ग्राहकाने त्यावरून कोर्टात दावा लावला. २०२०मध्ये दावा फेटाळला गेला, कारण वेगळ्या जागी भाजून देऊ असं कंपनीने जाहिरातीत म्हटलंच नव्हतं. कायद्याने ते बरोबरच असेल. आपल्याला त्यातून एवढं घ्यायचं की पॅटी वनस्पतीची असल्याची जाहिरात म्हणजे जागा वेगळी असल्याची हमी नाही.

पण इथे एक वाट आहे. मागितलं तर ती पॅटी साखळीवर न घालता मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात, ही सोय कंपनीने स्वतःच सांगितलेली आहे. लेकीने काउंटरवर शांतपणे म्हणायचं: "इम्पॉसिबल व्हॉपर, नो मेयो, नॉट ऑन द ब्रॉयलर प्लीज, मायक्रोवेव्ह इट." एवढं पुरतं. ड्राइव्ह-थ्रूच्या भोंग्यावर हे सांगू नये, आत जाऊन सांगावं. मोबाइल ॲपवर तर सांगूच नये, कारण मेयो काढायचं बटण असतं, ब्रॉयलर टाळायचं बहुधा नसतं. धुराची चव जाईल, पॅटी जरा ओलसर लागेल. ते चालवून घ्यायचं.

त्यापेक्षा एक मोठी अडचण मला दिसते आणि ती चवीची आहे. इम्पॉसिबलची पॅटी मांसासारखी लागावी म्हणूनच बनवलेली आहे. सोयाच्या मुळांत सापडणारं हीम असलेलं प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतात आणि त्याने लालसर रंग आणि रक्तासारखी चव येते. खोबरेल आणि सूर्यफुलाच्या तेलाने चरबीचा भास होतो. मिथाइल सेल्युलोज घालतात, ते गरम झाल्यावर घट्ट होतं, म्हणून पॅटी सुटत नाही. ज्याने मांस सोडलंय त्याच्यासाठी ही उत्तम कारागिरी. ज्या मुलीने जन्मात मांस खाल्लेलं नाही, तिला पहिल्याच घासाला मळमळू शकतं. तसं झालं तर तिने मन मारून संपवू नये आणि आपल्याला बर्गर मानवत नाही असंही समजू नये. तिच्यासाठी दुसऱ्या जातीचे बर्गर आहेत: काळ्या घेवड्याचे, भाज्यांचे, मश्रूमचे. शेक शॅकमध्ये पोर्टोबेलो मश्रूममध्ये चीज भरून तळतात, 'श्रूम बर्गर' म्हणून मिळतो. चवीला सुरेख आहे. पण त्याच्या आवरणात अंडं आहे का आणि फ्रायर कोंबडीचाच आहे का, हे दोन्ही आधी विचारायचं, आणि सॉस नको म्हणायचं.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. इन-एन-आउटमध्ये शाकाहारी पॅटीच नाही; ग्रिल्ड चीज मागितलं की पाव, वितळलेलं चीज, टोमॅटो, लेट्यूस मिळतं. त्यांचा गुलाबीसर स्प्रेड अंड्याचा असतो, तो नको म्हणायचं. त्यांचे फ्राइज मात्र सूर्यफुलाच्या तेलात. फाइव्ह गाइजमध्ये परतलेल्या भाज्यांचं सँडविच आणि शेंगदाण्याच्या तेलातले फ्राइज. भाज्या मात्र ग्रिलवरच परततात, म्हणून तिथेही विचारावं लागतं. टेक्सासची लाडकी व्हॉटाबर्गर चेन तिच्या मैत्रिणींना आवडेल, पण तिथे शाकाहारी पॅटी नाही. आणि बर्गरचा आग्रह नसेल तर टॅको बेलचं बीन बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेल्या बीन्स. २०१५मध्ये अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनने त्यांच्या शाकाहारी पदार्थांना प्रमाणपत्र दिलं, आणि मांसाच्या जागी बीन्स घाला म्हटलं की विनातक्रार घालतात. गोऱ्या मित्रांसोबत रात्री दहाला भूक लागली, तर मी तिला हेच खायला सांगेन.

आता फ्राइज. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण बटाटा म्हणजे शाकाहारी असं आपण धरूनच चालतो.

अमेरिकेतलं मॅकडोनाल्ड्स १९९०पर्यंत फ्राइज गाईच्या चरबीत तळायचं. मग वनस्पती तेलावर गेलं, पण चव टिकावी म्हणून कारखान्यातच बीफचा स्वाद घालत राहिलं आणि लोकांना ते नीट कळलं नाही. २००१मध्ये सिॲटलच्या एका भारतीय वंशाच्या वकिलाने दावा लावला. त्या वर्षी मे महिन्यात आपल्याकडे ठाणे-मुंबईतही दुकानांवर निदर्शनं आणि तोडफोड झाली, जरी इथल्या फ्राइजमध्ये बीफ नव्हतं. २००२मध्ये कंपनीने माफी मागून शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना एकूण एक कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. तरीही तो स्वाद अमेरिकेत अजून घालतात. घटकांच्या यादीत "नॅचरल बीफ फ्लेवर" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तेव्हा तिथले मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज तुमच्या लेकीने खाऊ नयेत. इथले खायला हरकत नाही.

आणि आता उलट वारं सुटलंय. चरबीत तळणं परत येऊ लागलंय आणि त्याची जाहिरातही होते. स्टेक एन शेकने २०२५च्या सुरुवातीला फ्राइज बीफ टॅलोमध्ये, म्हणजे गाईच्या वितळवलेल्या चरबीत, तळायला घेतले. बफेलो वाइल्ड विंग्जमध्ये ते आधीपासूनच आहे. या दोन्ही ठिकाणी तिने नुसते फ्राइजही घेऊ नयेत. बाकी कुठेही "व्हॉट ऑइल डू यू फ्राय इन?" आणि "इज द फ्रायर शेअर्ड विथ चिकन?" हे दोन प्रश्न. तेल गाळून घेतो असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. गाळण्याने चुरा निघतो, तेलात मिसळलेली चरबी निघत नाही.

तिला फोनवर एक गोष्ट साठवून ठेवायला सांगा: प्रत्येक चेनचा ॲलर्जनचा, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचा, तक्ता. वेबसाइटवर मिळतो. अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, सोया, तीळ अशी नऊ मुख्य ॲलर्जन जाहीर करावी लागतात, आणि मोठ्या चेन आपल्या तक्त्यात सहसा तीच देतात. त्यामुळे कुठल्या सॉसमध्ये, कुठल्या पावात अंडं आहे ते एका नजरेत दिसतं; काउंटरवरच्या मुलाला हे बहुतेक वेळा माहीत नसतं. पण तक्त्याची मर्यादाही ओळखा. मांस हे ॲलर्जन नाही. त्या बीफच्या स्वादातलं दूध आणि गहू तक्त्यात दिसतील, बीफ दिसणार नाही. म्हणून अंड्यासाठी तक्ता आणि मांसासाठी घटकांची यादी, दोन्ही उघडायच्या. चीजच्या यादीत नुसतं "एन्झाइम्स" (दूध गोठवायला घालतात ते द्रव्य) असेल तर ते जनावराचं की सूक्ष्मजीवांचं हे कळत नाही. तुमच्याकडे तेही पाळत असाल तर अमेरिकेत चीज नको म्हणणं हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

लंडनचा थांबा सोपा आहे. इंग्लंडमधल्या मॅकडोनाल्ड्समध्ये मॅकप्लांट २०२२च्या जानेवारीपासून देशभर मिळू लागला आणि तो अमेरिकेतल्यासारखा नाही: वेगळ्या भांड्यांनी, मांसापासून वेगळा शिजवतात, आणि व्हेजिटेरियन सोसायटीची व्हीगन मान्यता आहे. म्हणजे सॉस-चीजसुद्धा अंडं-दुधाशिवाय. फ्राइजही चालतात. तिथल्या बर्गर किंगने मात्र २०२०मध्ये वनस्पतींच्या पॅटीच्या रेबेल व्हॉपरची जाहिरात "बीफ नाही" म्हणून केली होती आणि तो मांसाच्याच ग्रिलवर, अंड्याच्या मेयोसह येत होता. जाहिरात नियामकांनी ती जाहिरात बंद करायला लावली. त्यामुळे तिथे गेलीच तर मेनूवर शाकाहारी किंवा व्हीगन मान्यतेची खूण असलेलाच पदार्थ घ्यावा, नुसत्या नावावर जाऊ नये.

शेवटचं, कारण ताईंनी ओझरतं विचारलंय: बरोबर जाणारी शेजारची मुलगी जैन आहे. तिच्यासाठी वरचं बहुतेक काही उपयोगी नाही. बटाटा गेला, आणि बटाटा नसलेल्या पॅटीच्या मसाल्यात कांदा-लसणाची पावडर बहुधा असतेच. अमेरिकेत काउंटरवर ती बाहेर काढता येत नाही, कारण पॅटी कारखान्यातून तयार येते. तिने टॅको बेलच्या बीन्सवरही जाऊ नये. तिला इन-एन-आउटचं ग्रिल्ड चीज, स्प्रेड आणि कांद्याशिवाय, एवढंच मी सुचवेन, तेही चीज चालत असेल आणि ग्रिलचं उत्तर पटलं तर. पहिल्या आठवड्यासाठी दोघींच्या बॅगेत मेतकूट-पोहे आणि थेपले असू द्या. डॅलसच्या उत्तरेला रिचर्डसन, प्लेनो, अर्विंग भागात भारतीय किराणा भरपूर आहे. तिथे पोचेपर्यंतचे चार दिवस त्यावर निघतील.